शुक्रवारी दुबई बंद असते

“माणूस आहे ती, साहेब! माझी पोर आहे! कंटेनर आहे काय, आला तसा परत धाडायला?”

दुबईच्या विमानतळावर, येणाऱ्यांच्या कठड्याला पोट टेकवून आमच्या फ्लॅटमधला भाऊ ओरडत होता. मराठीत ओरडत होता. समोर विमान कंपनीची निळ्या कोटातली मल्याळी मुलगी उभी होती. तिला त्यातलं एक अक्षर कळलं नसणार, तरी ती पाऊलभर मागे सरली. मीही सरलो. एका फ्लॅटमध्ये चार वर्षं काढून मी या माणसाचा मोठा आवाज ऐकला होता तो फक्त शिंकताना. त्या दिवशी तो असा ओरडला की शारजापर्यंतची कबुतरं उडाली असतील. खोटं वाटत असेल तर निम्मी धरा. माझं सगळंच लोक निम्मं धरतात, म्हणून मी आधीच दुप्पट सांगतो.

त्या मुलीने सांगितलं होतं ते इतकंच, आधी इंग्रजीत, मग हिंदीत : तुमची मुलगी आली आहे. बरी आहे. ज्यूस प्यायली आहे. पण इमिग्रेशनवाले तिला आत घेत नाहीत, तिचा व्हिसा मेला आहे. ज्या विमानाने आली त्याच विमानाने ती परत जाईल.

वहिनी, म्हणजे भाऊची बायको, शेजारीच होत्या. त्यांच्या कडेवर पाच महिन्यांचं बाळ, त्याला नवं लाल झबलं. बहीण भावाला पहिल्यांदा बघणार म्हणून मुद्दाम लाल, लांबून दिसावं म्हणून. वहिनी ओरडल्या नाहीत. मला म्हणाल्या, “परत म्हणजे कुठे, भावोजी?” जणू विमानाला परत जायला दहा गावं होती.

भाऊची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिला आम्ही सगळे ‘बाय’ म्हणायचो, आमच्या रत्नागिरीकडे लाडाने म्हणतात तसं. दुबईच्या करामा भागातल्या त्या फ्लॅटला दोन खोल्या. एकीत भाऊ, वहिनी आणि बाय. दुसरीत आम्ही चार बॅचलर. आखातात बॅचलर कोणाला म्हणतात तेही सांगतो. बायको जवळ नाही तो बॅचलर. माझी बायको दोन पोरांसह गावी होती, मी बॅचलर. आमच्यातला एक सुतार आजोबा झालेला, नातीचा फोटो उशाला ठेवून झोपायचा, तोही बॅचलर. चौघं मिळून आठ-नऊ मुलांचे बाप असलेली ती खोली, आणि दारावर मालकाने पाटी लावलेली, ‘बॅचलर्स’.

त्यामुळे बाय ही एकट्या भाऊची नव्हती. कंपनीची बस आम्हाला जबल अलीहून आणून टाकायची तेव्हा आमच्या अंगाला बंदराची धूळ इतकी असायची की झटकली तर आणखी एक बेट उभं राहिलं असतं. मी त्या काळी एका हाताने कंटेनर ढकलायचो, कारण दुसऱ्या हातात चहाचा कप असे. दार उघडलं की बाय पुढ्यात. केजीत जायला लागल्यापासून तिने आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायला सुरुवात केली होती.

“बाय, जेवलीस?”

“फिनिश्ड, काका.”

“आज काय झालं माहितीय? मी क्रेनवरून घसरलो तो थेट एका उंटावर पडलो. उंट म्हणाला, हबीबी, तिकीट?”

“यू आर लाइंग, काका.”

सबंध दुबईत मला तोंडावर खोटारडा म्हणणारी ती एकटी. ते ऐकायला मी बसमध्ये थापा जुळवत यायचो.

मग वहिनींना दिवस गेले. आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं. भाऊ पहाटे जाणार, संध्याकाळी येणार. बायकडे बघायचं कोणी? गणपतीला गावी निघालेलं एक ओळखीचं कुटुंब होतं. त्यांच्याबरोबर तिला भाऊच्या मोठ्या बहिणीकडे, बायच्या आत्याकडे पाठवायचं ठरलं. बाळंतपण आटपेपर्यंत. सामान भरताना बाय विचारत होती, “हाऊ मेनी स्लीप्स?” वहिनी पडल्या पडल्या म्हणाल्या, “थोड्या, बाय. थोड्याच.”

कायदा आम्हाला पाठ होता. तिथे राहणाऱ्यांना दुसरं काही येवो न येवो, व्हिसाचे नियम यायचेच. आई-मुलांचा व्हिसा बापाच्या नावावर. बाप हा त्यांचा कफील, म्हणजे त्यांची हमी घेणारा. आणि व्हिसावाला माणूस देशाबाहेर गेला तर सहा महिन्यांच्या आत परतला पाहिजे, मग तो फोरमन असो की केजीतला. नाही परतला तर व्हिसा आपोआप रद्द. पासपोर्टातला शिक्का तसाच टवटवीत दिसतो, पुढची तारीखही दाखवतो. आत जीव नसतो.

तर, सहा महिने. आता कोकणातल्या माणसाला विचारा सहा महिने म्हणजे किती. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघणारसुद्धा नाही. तो म्हणेल, गणपती ते शिमगा. आमचं वर्ष या दोन खुंट्यांवर टांगलेलं असतं. नोकरीची सुट्टी, घराची कौलं, सोयरिकी, भांडणं मिटवणं, सगळं एकतर गणपतीला नाहीतर शिमग्याला. भाऊने बोटं मोजली. भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. “गणपतीला सोडली, शिमग्याला आणू. बरोबर सहा.” आम्ही चौघा बॅचलरांनीही आपापली बोटं मोजली, आणि चाळीस बोटांचं एकमत झालं.

नवरात्रात मुलगा झाला. त्याचा व्हिसाही लागला. मग नव्या वर्षात आमची कंपनी दुसऱ्या मालकाकडे गेली आणि सगळ्यांना नवी काँट्रॅक्टं मिळाली. हातात पडायचं तेवढंच, पण मूळ पगार कागदावर कमी, बाकीचं भत्त्यांत. आम्ही हसून सह्या केल्या. घरच्यांना नवा व्हिसा काढायचा तर मूळ पगार ठरावीक आकड्याच्या वर लागतो आणि भाऊ आता त्याच्या खाली आला, हे त्याला माहीत होतं. पण घाबरायचं कशाला? जुन्या व्हिशांना कोणी हात लावत नव्हतं. बायकोचा चालू, बाळाचा चालू, बायचा चालू.

फाल्गुन लागला. भाऊने गावी फोन केला, पोरीला पाठव म्हणाला. आत्याने तिकडून फोनमधून हात बाहेर काढून त्याच्या थोबाडीत मारायचीच बाकी ठेवली.

“शिमगा तोंडावर आला नि पोर पाठव म्हणतोस? पालखी दारात यायची आहे! तुझ्या बायकोचं बाळंतपण सुखरूप होऊ दे म्हणून गाऱ्हाणं घातलंय मी देवीला. ओटी ह्या पोरीच्या हातून भरीन म्हटलंय. दुबईत राहून देव विसरलास काय रे?”

भाऊने वहिनींकडे पाहिलं. वहिनी बाळाला पाजत होत्या. म्हणाल्या, “ओटी भरू दे. देवीचं राहायला नको.” आम्हालाही ते पटलं. आमच्यापैकी कोणाचीच छाती नव्हती पालखी चुकवून पोर आणा म्हणायची. आणि आमच्याकडे पालखी होळीच्या दिवशी काही प्रत्येक घरी पोचत नाही. ती वाडीवाडीने फिरते. आत्याच्या अंगणात ती होळीनंतर आठवड्याने नाचली. बायने ओटी भरली, पालखीखालून दोनदा गेली, एकदा स्वतःसाठी आणि एकदा भावासाठी. हे तिनेच फोनवर सांगितलं. मराठीत सांगितलं. भाऊने रिसीव्हर माझ्या कानाला लावला. “काका, मी दोनदा गेले.” मी म्हटलं, “मी लहानपणी पालखीखालून गेलो तेव्हा देवी मला म्हणाली, जाड्या, जरा वाकून जा.” ती खुदकन हसली, पण यू आर लाइंग म्हणाली नाही. गावात कोणाशी बोलणार इंग्रजी?

आत्याचे यजमान, आतोबा, तिला मुंबईला घेऊन आले. एकट्या मुलांना विमानाने पाठवायची तेव्हा सोय होती : गळ्यात पिशवी, पिशवीत पासपोर्ट, इकडे कंपनीच्या माणसाने चढवायचं आणि तिकडे कंपनीच्या माणसाने आईबापाच्या हाती द्यायचं. मुंबईत कोणी शिक्क्यापलीकडे पाहिलं नाही. शिक्का तर टवटवीत होता. आणि दिवस आम्ही निवडला शुक्रवार, सगळ्यांना सुट्टी म्हणून. मी माझी पिकअप धुतली. त्या पिकअपचा एसी इतका गार होता की मस्कतच्या लोकांनी स्वेटर घालावेत. मागे फुगे बांधले होते.

पाठवली होती गणपतीच्या आधी, आली पालखीच्या नंतर. मधले ते पुढचेमागचे दिवस आम्ही कोणीच धरले नव्हते.

भाऊचं ओरडणं ऐकून आतून निरोप आला की कफीलने आत यावं, सही करायची आहे. वहिनी बाळाला घेऊन पुढे झाल्या. मल्याळी मुलगी म्हणाली, “मॅडम, ओन्ली स्पॉन्सर.” वहिनींना इंग्रजी येत नव्हतं, पण तिचा आडवा हात दिसला. मी तिला म्हटलं, याला अरबी येत नाही, हिंदी येत नाही, मी त्याचा दुभाष्या. माझं अरबी म्हणजे यल्ला, खलास, इन्शाल्ला, आणि ट्रक ड्रायव्हरांकडून शिकलेले असे काही शब्द जे विमानतळावर म्हटले असते तर मीही त्याच विमानाने गेलो असतो. पण छाती पुढे काढून उभा राहिलो. मी काहीही असू शकतो असं लोकांना वाटतं, एवढं एक मला देवाने दिलं आहे. मला आत सोडलं. आईला नाही.

काउंटरवर तरुण अधिकारी होता, पांढऱ्या शुभ्र, पायघोळ अरबी कंदुऱ्यात. आमच्यापेक्षा चांगलं हिंदी बोलत होता. त्याने पडदा आमच्याकडे वळवला. “देखो भाई, छे महीना ऊपर हो गया. खलास.”

भाऊ पुन्हा बोटं मोजायला लागला. भाद्रपद, आश्विन. मी मध्ये पडलो. “साहब, हमारा महीना चांद का है. गणपती से शिमगा, छे चांद.”

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. चेष्टा म्हणून नाही. मला रफीक म्हणाला, म्हणजे दोस्त.

“चांद हमारा भी है, रफीक. हम भी ईद चांद देख के करता है. लेकिन कॉम्प्युटर चांद नहीं देखता.”

मी म्हटलं, तुमच्या मोठ्या साहेबांना भेटू द्या. तो म्हणाला, आज जुम्मा, मुदीर घरी. उद्या ऑफिस उघडल्यावर अर्ज करा, नवा व्हिसा काढा. मूळ पगार किती? भाऊने सांगितला. त्याने पडदा पुन्हा स्वतःकडे वळवला. मग त्याने खणातून चॉकलेट काढून दिलं आणि मागे बाकाकडे बोट दाखवलं. “फ्लाइट को टाइम है. बैठो बच्ची के पास.”

बाय बाकावर होती. पाय अधांतरी, गळ्यात पिशवी, केसांना आत्याने चोपडलेलं तेल. आम्हाला बघून उठली, पण धावली नाही. बापाकडे सहा महिन्यांनी बघत होती, जरा परक्यासारखी. भाऊ तिच्यासमोर खाली बसला आणि त्याला एक शब्द फुटेना. मघाशी कबुतरं उडवलेला माणूस. त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलं. थाप आयुष्यात माझ्याकडे तशी कोणी मागितलेली नाही.

मी म्हटलं, “बाय, घोटाळा झाला ग. आज शुक्रवार. शुक्रवारी दुबई बंद असते.”

“बंद?”

“पूर्ण बंद. कुलूप. किल्ली घेऊन मुदीर नमाजाला गेलेत. उघडली की तुला लगेच बोलावतो.”

ती मान वळवून बघत राहिली. काउंटरसमोर रांगा होत्या. त्याच विमानातली माणसं, बिहारची, तेलंगणाची, आमच्याकडची, हातात पासपोर्ट धरून एकेक आत जात होती. शिक्का पडायचा आणि माणूस पलीकडे.

“मग हे कसे जातात?”

मला पटकन सुचलं ते बोललो. “ते कामाला आलेत, बाय.”

तिने थोडा विचार केला.

“मी पण काम करीन.”

भाऊ उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

काउंटरच्या पलीकडे सामानाचे पट्टे होते आणि पार टोकाला सरकतं दार, ज्याच्या बाहेर तो कठडा. कोणी बाहेर गेलं की उघडायचं. दोन-तीन श्वासांएवढं उघडं राहायचं, की मिटलं. मल्याळी मुलीने काय केलं तर ती बायला बोटाला धरून थेट पिवळ्या रेषेपर्यंत घेऊन गेली, जिथून दार दिसत होतं. अधिकारी खाली मान घालून काहीतरी लिहीत बसला. दार उघडलं, सुटकेसांचा डोंगर आडवा आला. मिटलं. पुन्हा उघडलं, एक भलं मोठं कुटुंब एकमेकांच्या गळ्यात पडत होतं. मिटलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा कठड्यापाशी वहिनी दिसल्या. त्यांनाही काहीतरी कळलं असावं. त्यांनी बाळाला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं, जितकं वर जाईल तितकं. दार मिटलं.

“दिसला,” बाय म्हणाली. “लाल आहे.”

“आणि आई?”

“आईचे हात दिसले.”

मग तिने पिशवीत हात घालून पासपोर्टाच्या मागून एक टोपडं काढलं. आत्याने शिवलेलं, निळं, कडेला लेस. बापाच्या हातात दिलं. “बाळाला घाला. थंडी असते ना विमानात.” बाळ विमानात नव्हतं, पण भाऊने हो म्हटलं. मल्याळी मुलगी म्हणाली, “यल्ला, बेबी.” बाय तिच्याबरोबर गेली. मागे वळून तिने हात हलवला, गावी एसटी सुटताना हलवतात तसा, मोठा.

आतोबा अजून मुंबईतच नातेवाइकांकडे होते, त्यांना फोन करून विमानतळावर धाडलं. ती पोचली. सगळं नीट झालं, तक्रार करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. कोणी तिला रागावलं नाही, कोणी हात लावला नाही, ज्यूस दोनदा दिला.

घरी येऊन वहिनींनी बाळाला टोपडं घातलं. लहान होत होतं. आत्याने नवजात बाळाच्या अंदाजाने शिवलेलं, आणि हे तोवर चांगलं गुटगुटीत झालेलं. बंद हनुवटीखाली पोचेनात. वहिनी तरी ओढत राहिल्या, बाळ रडायला लागलं तरी. शेवटी सुतार आजोबांनी त्यांच्या हातातून ते काढून घेतलं.

पुढचे दोन महिने आम्ही सगळ्यांनी मिळून कायद्याशी कुस्ती केली. टायपिंगवाल्याकडून अरबीत अर्ज लिहून घेतले. मी एका ऑफिसात माझी एका शेखशी जुनी दोस्ती असल्याचं सांगितलं. कारकुनाने नाव विचारलं तेव्हा मला खोकला आला. कंपनीत जाऊन मूळ पगार वाढवून द्या म्हटलं, निदान कागदावर. ते म्हणाले, एकाला दिला तर सगळ्यांना द्यावा लागेल. प्रत्येक जण बरोबर बोलत होता, हीच पंचाईत. कोणावर ओरडायचं तेच कळत नव्हतं. एजंट म्हणाला, व्हिजिट व्हिसावर आणा पोरीला, दोन महिने राहील, मग परत पाठवा. भाऊ खूश होऊन घरी आला. वहिनी म्हणाल्या, “एकदा परत पाठवली ती बास झाली.”

आणि त्यांनी ट्रंक बाहेर काढली. शाळा सुरू व्हायच्या आत त्या बाळाला घेऊन गावी गेल्या, कायमच्या. स्वतःचा चालू व्हिसा त्यांनी हाताने रद्द करून घेतला. मी तेव्हा त्यांना म्हटलं, सहा महिने ठेवून बघा, काही जमलं तर. त्या हसल्या. “भावोजी, आता परत मोजायला सांगू नका.”

मोकळ्या झालेल्या खोलीत मालकाने चार नवे भाडेकरू आणले. भाऊची गादी आमच्या खोलीत, माझ्या आणि सुताराच्या मध्ये. असा तो बॅचलर झाला.

पुढच्या मे महिन्यात मला सुट्टी मिळाली. भाऊने बायसाठी, बाळासाठी इतकं सामान दिलं की विमानाचं एक चाक जमिनीवरच राहिलं. मी खाडी ओलांडून त्यांच्या वाडीवर गेलो. वहिनी आणि बाय पडवीत कोकमासाठी रातांबे फोडत बसल्या होत्या. बायचे हात मनगटापर्यंत लाल. बाळराजे आता चालत होते, एका कोंबडीच्या मागे.

मी बसलो, पाणी प्यायलो आणि सुरू झालो. “बाय, तुझे बाबा आता कुठे असतात सांगू? जगातल्या सगळ्यात उंच क्रेनच्या टोकावर. जेवायचा डबासुद्धा विमानातून देतात. तिथून त्यांना हे घर दिसतं. परवा म्हणाले, बाय आज दोन वेण्या घालून शाळेत गेली.”

मी थांबलो. दीड वर्षावर जे ऐकलं नव्हतं ते ऐकायला थांबलो.

“हो?” ती म्हणाली. पाहुण्यांना म्हणतात तसं.

वहिनींनी मान वर केली नाही. मी आणखी रेटलं. म्हटलं, आता मोठी झालीस की मीच नेतो तुला दुबईला. खिडकीची जागा. पायलट माझ्या ओळखीचा, तुला चालवायलासुद्धा देईल. बाबा दारातच उभे असतील. येशील ना?

तिने हातातला रातांबा फोडला, बिया एका टोपात टाकल्या आणि साल दुसऱ्या.

“नको,” ती म्हणाली. “तिथून परत पाठवतात.”